रस्तेवाल्यांचा सेट

छत्तीसगड वेगळं व्हायचं ठरलं त्या दिवसांत ग्वाल्हेरच्या सरकारी कचेऱ्यांत कामापेक्षा वाटपाचीच चर्चा जास्त होती. इकडे कोण राहणार, तिकडे कोण जाणार, कोणाचा भोपाळला वशिला आहे, कोणाचा नाही. अशा दिवसांत आमच्या साहेबांनी मला बोलावलं आणि सांगितलं, की उद्यापासून तुम्ही पोलीस कंट्रोल रूममध्ये बसायचं. मी बांधकाम खात्यात रस्त्यांकडे सब-इंजिनीअर होते. आधी वाटलं, माझं काहीतरी चुकलंय.

चुकलं काही नव्हतं. त्याआधीच्या पावसाळ्यात एक अँब्युलन्स आम्ही खोदून ठेवलेल्या रस्त्यावर जाऊन अडकली होती आणि मागे फिरून दवाखान्यात पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. पोलिसांचं वायरलेस वेगळं, पालिकेच्या आगीच्या बंबवाल्यांचं वेगळं. आम्हा रस्तेवाल्यांकडे तर काहीच नाही. साइटवर निरोप द्यायचा म्हणजे मोटरसायकलवरून माणूस धाडायचा. शेवटी वरून हुकूम निघाला, की तिघांनी एकाच चॅनेलवर बोलायचं. पोलिसांच्या भांडारातले काही जुने सेट आम्हाला मिळाले. चार-पाच सेट साइटवरच्या मजुरांच्या गँगकडे गेले, आणि एका इंजिनीअरने कंट्रोल रूममध्ये बसायचं ठरलं. साइटवर बाईमाणूस कशाला, असं ज्यांना पहिल्यापासून वाटत होतं, त्यांनी लगेच माझं नाव सुचवलं.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "बरंय की, उन्हातून सुटलीस." तो बँकेत होता. आम्ही पाटणकर बाजाराच्या मागे दोन खोल्यांत राहत होतो, आणि मुलगी तेव्हा पाचवीत होती. मला उन्हाचा त्रास कधीच नव्हता. डांबराचा वास, रोलरचा आवाज, सगळं अंगवळणी पडलं होतं. कंट्रोल रूममध्ये मात्र खिडक्या बंद, पंखा फुल, आणि भिंतीला लागून सेटांची रांग. सगळे एकदम खरखरायचे.

त्या सेटांसमोर एक बाई बसायच्या. चाळिशी ओलांडलेल्या, खाकी साडी पिना लावून चापून बसवलेली, कानाला हेडफोन. पोलिसांच्या रेडिओ शाखेत त्या ऑपरेटर होत्या. पहिल्या दिवशी त्या माझ्याशी हिंदीतच बोलल्या, मीही हिंदीतच. दुपारी मी मुलीला फोन केला, डबा खाल्लास का, कुलूप नीट लावलंस का, असं मराठीत विचारलं. फोन ठेवला तर बाई हेडफोन काढून माझ्याकडे बघत होत्या.

"अहो, मग सांगायचं नाही का! कुठल्या तुम्ही?"

"माहेर माधवगंजचं."

"कोणाच्या? शिंद्यांच्या फौजेतल्या का?"

"हो, फौजेतल्याच. पणजोबांपर्यंत. मग कुणी मास्तर झाले, कुणी रेल्वेत गेले."

"आमच्याकडे सगळे देवळातले. सासरे जयेंद्रगंजात पूजेला असायचे. मी ही अशी निघाले, पोलिसांत." त्या हसल्या. त्या दिवसापासून मी त्यांना ताई म्हणायला लागले, आणि महिन्याभरात अहो-जाहो माझ्याकडूनही सुटलं.

वायरलेसवर बोलायला ताईनेच शिकवलं. पहिल्यांदा मी बटण दाबलं आणि फोनवर बोलतात तसं बोलले. नमस्कार, मी रस्ते विभागातून बोलतेय, आज अमुक रस्त्यावर काम चालू आहे, तुम्हाला ऐकू येतंय का? आणि उत्तराची वाट बघत बसले. उत्तर येईना. मी पुन्हा विचारलं. ताईने हात पुढे केला आणि माझा अंगठा बटणावरून उचलला. लगेच फायर स्टेशनहून आवाज आला, "मैडम, बटन छोड़ेंगी तभी तो हम कुछ बोलेंगे." पाठीमागे दोघं-तिघं हसल्याचंही ऐकू आलं. मला फार लाज वाटली. ताई म्हणाली, "हसू दे. पहिल्या दिवशी मी तर रडले होते."

बोलण्यापेक्षा अवघड होतं ते ठिकाण सांगणं. आमच्या खात्यात रस्ता किलोमीटरच्या दगडांनी ओळखतात. पोलीस ठाण्याची हद्द सांगतात. बंबाचे ड्रायव्हर पेट्रोल पंप, ढाबे आणि देवळं सांगतात. मी म्हणायची, अमुक किलोमीटरवर मोरीचं काम आहे, तर पलीकडून प्रश्न यायचा, "मैडम, ये किलोमीटर पड़ता कहाँ है?" मोरी हा शब्द तर कुणालाच कळायचा नाही. रस्त्याखालून पाणी जायला बांधलेल्या त्या छोट्या पुलाला इकडे पुलिया म्हणतात. मग रोज सकाळी आल्या आल्या मी ताईला सांगायची, आज कुठला रस्ता बंद, कुठे अर्धा चालू, जड गाडी कुठून जाईल आणि कुठून जाणार नाही. ती ऐकून तिच्या भाषेत फिरवायची, की वीटभट्टीच्या पुढे, पिंपळाच्या अलीकडे, डाव्या हाताला. दुपारपर्यंत ते तिघांनाही कळलेलं असायचं. कंटाळवाणंच काम होतं, पण हळूहळू लोक विचारायला लागले. आधी बंबवाले निघायचे आणि मग रस्ता शोधायचे. आता गाडी सुरू करतानाच सेटवर आवाज यायचा, "रस्तेवाली मैडम, किधर से निकलें?"

एक अडचण होती, ती सांगायला हवी, कारण पुढे तिच्यावरूनच सगळं झालं. त्या इमारतीत बायकांसाठी बाथरूम नव्हतं. मागच्या आवारातून दुसऱ्या इमारतीत जावं लागायचं, आणि तिथे किल्ली एका शिपायाकडे असायची. तो जागेवर असेलच असं नाही. म्हणून आम्ही दोघी पाळीपाळीने जायचो. एकीने दुसरीला सांगून उठायचं, असं ठरलेलं होतं.

त्या दिवशी सकाळी ताई आली ती गप्पच. मला वाटलं, सासूचं दुखणं वाढलं असेल. सासू अंथरुणाला खिळलेल्या होत्या, मुलगा बारावीला, नवरा एका खासगी कॉलेजच्या ऑफिसात. डबा उघडल्यावर ती म्हणाली, "माझं नाव आलं."

"कशात?"

"छत्तीसगडात. काल संध्याकाळी आमच्या शाखेची यादी लागली."

ताई तिकडची नव्हती, तिकडे कुणी नातलग नव्हतं, तिने मागितलंही नव्हतं. पण असं पुष्कळांचं झालं होतं. राज्याचे दोन भाग करायचे म्हणजे टेबल-खुर्च्यांसारखी माणसंही वाटून द्यायची होती. मी म्हटलं, अर्ज कर, सासूचं कारण दे. ती म्हणाली, "अर्ज सगळ्यांनी केलेत." मग तिने अर्धा डबा तसाच बंद केला.

मी डबा धुवायला आणि बाथरूमला म्हणून उठले. शिपाई जेवायला गेला होता, किल्ली मिळायला वेळ लागला. परत आले तेव्हा खोलीत सगळे उभे होते आणि ताई एकटीच बसून बोलत होती.

झालं होतं ते असं. झाशी रस्त्यावर, शहराच्या बाहेर, डिझेलचा टँकर उलटून पेटला होता. शेजारीच ढाबा. बंब शहरातून निघाला होता, पण वाटेत आमची पुलिया होती. तिचा अर्धा भाग तोडलेला, दुसऱ्या अर्ध्याचा स्लॅब दुसऱ्या दिवशी ओतायचा होता. वाहनांसाठी आम्ही बाजूने, नाल्यातूनच, कच्चा रस्ता काढून दिला होता. त्यावरून मोटारी, जीपा जात होत्या. जड गाड्या दुसऱ्या रस्त्याने वळवल्या होत्या, आणि तो फार लांबचा होता. आदल्या रात्री पाऊस पडून गेल्यामुळे नाल्यात चिखल होता. पाण्याने भरलेला बंब त्यात उतरला असता तर तिथेच रुतला असता.

ताईला हे सगळं माहीत होतं, मीच सकाळी सांगितलं होतं. मी जागेवर नाही म्हटल्यावर तिने सरळ आमचा सेट उचलला आणि पुलियावरच्या गँगला हाक दिली. तिथे आमचा मेट होता, म्हणजे गँगचा मुकादम.

"तुमच्याकडे तिथे काय काय आहे?" तिने हिंदीत विचारलं.

"खडी आहे, वाळू आहे, सेंटरिंगच्या प्लेटा आहेत."

"प्लेटा लोखंडी?"

"लोखंडी. पण त्या ठेकेदाराच्या आहेत. उद्याच्या स्लॅबसाठी लावून झाल्यात."

"काढा. आधी चिखलात खडी टाका, वर प्लेटा अंथरा. बंब निघालेला आहे."

"पण मैडम कुठे आहेत? मैडमनी सांगितलं तर..."

"मैडम येतायत. तुम्ही सुरू करा. माझ्या जबाबदारीवर."

एवढं बोलणं मी येण्याआधी झालं होतं. हे मला नंतर मेटने सांगितलं आणि खोलीतल्या शिपायांनीही. मी आत शिरले तेव्हा मेट सांगत होता की प्लेटा पडल्या, बंब दिसतोय. ताईने मान वळवून मला पाहिलं आणि सेट माझ्या हातात दिला. मी मेटला एवढंच विचारलं, की नव्या कामावरून तर कोणी गाडी घालत नाही ना. तो म्हणाला, नाही, खालूनच. मी सांगितलं, ड्रायव्हरला म्हणावं मध्ये थांबायचं नाही, गियर बदलायचा नाही, एका चालीत पार व्हायचं. मग सेटवर नुसती खरखर. मला त्या खरखरीतही पाण्याचा आवाज येतोय असं वाटत होतं. मग मेट ओरडला, "निकल गई! निकल गई मैडम!" थोड्या वेळाने दुसरा बंब गेला, आणि त्याच प्लेटांवरून अँब्युलन्स जाऊन परतही आली.

टँकरचा ड्रायव्हर वाचला नाही. क्लीनर भाजला होता, तो वाचला. ढाब्यातली माणसं वाचली, ढाबा अर्धा गेला. संध्याकाळी बंबवाल्यांनी सेटवर येऊन ताईचे आणि माझे आभार मानले. तसं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. मी घरी गेल्यावर मुलीला कौतुकाने सगळं सांगितलं.

चार-सहा दिवसांनी ठेकेदाराची तक्रार आली. त्याच्या प्लेटा वाकल्या होत्या, स्लॅब लांबला होता, आणि पोलिसांनी वायरलेसवरून चालू सरकारी काम बंद पाडलं, असं त्याचं म्हणणं होतं. तसं पाहिलं तर खोटं नव्हतं. पोलिसांच्या ऑपरेटरने आमच्या गँगला हुकूम द्यावा, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. चॅनेल एक झालं होतं, पण त्या चॅनेलवर कोणी कोणाचं ऐकायचं हे ठरवायला सगळे विसरले होते. ताईला विचारणा झाली, कोणत्या अधिकारात? आणि तिन्ही खात्यांच्या साहेबांची एकत्र बैठक लावली. मलाही हजर राहायला सांगितलं.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी ताईचा नवरा आमच्या घरी आला. शांत, हळू बोलणारा माणूस. याआधी एकदाच, हळदीकुंकवाला तिला सोडायला आला होता. माझ्या नवऱ्याने चहा करायला घेतला, तर म्हणाला, नको, बसत नाही.

"वहिनी, एक विनंती होती," तो मला म्हणाला. "चौकशी बसली तर बसू द्या. ज्याची चौकशी चालू असते त्याला दुसऱ्या राज्यात सोडत नाहीत म्हणे. वर्ष, दोन वर्षं सहज निघतात. तोवर आईचं काय ते होईल, पोराचं कॉलेज लागेल."

"पण तिच्यावर ठपका येईल."

"पुढे निघतो तो. पुष्कळांचा निघालाय. मी तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाही. तुम्ही तिथे नव्हतात. तेवढंच सांगा. पुढचं बोलू नका, एवढंच."

तो चहा न घेताच गेला. त्याचं म्हणणं मला पटत होतं, हेच अवघड होतं. ताई जाऊ नये असं मलाही वाटत होतं. तिच्याशिवाय त्या खोलीत बसण्याची कल्पनाच सहन होत नव्हती. आणि मी नव्हते, हे तर खरंच होतं.

सकाळी मी तिला सांगितलं, की तुझे यजमान आले होते. ती म्हणाली, "माहीत आहे. माझ्याशीही बोलले. रात्रभर तेच."

"मग मी काय बोलू?"

"ते मला विचारू नकोस." तिने हेडफोन कानाला लावला, मग पुन्हा काढला. "मला खरंच कळत नाहीये, म्हणून सांगते. मला विचारलंस आणि मी काही बोलले, तर ते जन्मभर माझ्या मनात राहील. तुला जे वाटेल ते बोल."

बैठकीला पोलिसांचे एक साहेब होते, फायरचे एक, आणि आमचे कार्यकारी अभियंता. ताई भिंतीशी उभी होती. मला बसायला खुर्ची दिली, तिला कुणी दिली नाही. पोलिसांच्या साहेबांनी मला हिंदीत विचारलं, "घटनेच्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"बाथरूमला गेले होते."

"इतका वेळ?"

"सर, या इमारतीत बायकांसाठी नाही. मागच्या इमारतीत जावं लागतं, आणि किल्ली शिपायाकडे असते."

फायरचे साहेब पाणी प्यायले. आमचे साहेब पंख्याकडे बघत राहिले.

"म्हणजे ऑर्डर तुम्ही दिली नाही."

"नाही सर. मी आले तेव्हा प्लेटा टाकून झाल्या होत्या."

इथे थांबले असते तर झालं असतं. त्यांनी मान हलवली आणि ते काहीतरी लिहायला लागले. ताईच्या नवऱ्याचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. मग फायरच्या साहेबांनी, कदाचित सहजच, विचारलं, "आणि तुम्ही असता तर?"

मला ठाऊक नाही, सांगता येणार नाही, विचार करावा लागला असता. यातलं काहीही बोलता आलं असतं. पण मी इंजिनीअर होते, आणि प्रश्न माझ्या कामाचा होता. तिने केलेलं बरोबर होतं. ते मला माहीत असताना नाही म्हणणं जमेना.

"हेच केलं असतं," मी म्हटलं. "लांबच्या रस्त्याने बंब वेळेत पोचला नसता. नाल्यातून दुसरा उपाय नव्हता. खडी आणि प्लेटा, एवढंच तिथे होतं. यांनी मला विचारायला वेळ घालवला असता, तर मी त्यांच्यावर चिडले असते. आपण मेटच्या हातात सेट दिलाय तो याच्याचसाठी ना, सर?"

शेवटचं वाक्य आवाज चढून निघालं. आमचे साहेब पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघायला लागले. मग म्हणाले, "काम हमारा था. हम मंजूरी दे देते हैं, पिछली तारीख से." तिथेच ठरलं, की आमचं कुणी जागेवर नसेल तर ऑपरेटरचा निरोप आमच्या गँगने आमचाच समजायचा. ठेकेदाराला समजावायचं काम आमच्या साहेबांनी अंगावर घेतलं. चौकशी बसलीच नाही. त्यानंतर तीन आठवड्यांत ताईचा छत्तीसगडात जाण्यासाठीचा कार्यमुक्तीचा आदेश निघाला.

मी तिला पोचवायला स्टेशनवर गेले. तिचा नवरा सामान चढवत होता. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मुलगा अभ्यासासाठी घरी राहिला होता. ताई खिडकीशी बसली आणि मला म्हणाली, "तू बोललीस त्याचा मला राग नाही हं. भिंतीशी उभी होते तेव्हा ऊर भरून आला होता माझा." मग जरा वेळाने, "पण परवा सासूबाईंना न्हाऊ घालताना मनात आलं, थोडं कमी बोलली असतीस तरी चाललं असतं." गाडी सुटेपर्यंत आम्ही मुलाच्या परीक्षेबद्दल बोलत राहिलो.

तिच्या जागी एक तरुण मुलगा आला. हुशार होता, पटापट काम करायचा. आमच्या खोलीमागे बायकांसाठी बाथरूमही बांधलं गेलं. मी तिथे आणखी दोन वर्षं बसले आणि मग पुन्हा साइटवर गेले. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, मेट मला फोटोच पाठवायला लागला, आणि ते जुने सेट एक-एक करून भांडारात परत गेले. आता तर म्हणे एकच नंबर लावला की सगळे येतात.

ताईच्या सासूबाई पुढच्याच हिवाळ्यात गेल्या. तेव्हा ती आली होती, पण घरात इतके लोक होते की आमचं धड बोलणं झालं नाही. मग मुलगा शिकायला इंदूरला गेला, आणि नवऱ्याने कॉलेजची नोकरी सोडून ताईच्या नेमणुकीचं बिलासपूर गाठलं. तिथे त्याने शिकवण्या सुरू केल्या. ताई अधूनमधून फोन करायची. शेजारी एक नागपूरकडची बाई आहे, तिचं मराठी ऐकून आधी गंमत वाटायची, आता मीच तसं बोलते, असं सांगायची. परत यायचा अर्ज तिने एकदा केला, पुन्हा केला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी तिकडेच लहानसं घर बांधलं.

माझ्या मुलीच्या लग्नाला दोघं आली. ताई पार पांढरी झाली होती, पण आवाज तोच, ठणठणीत. तिच्या नवऱ्याशी काय बोलावं मला कळत नव्हतं. जेवणाच्या पंगतीत तोच माझ्याजवळ आला.

"वहिनी, एक सांगू? राग मानू नका," तो म्हणाला. "तिकडचे रस्ते इकडच्यापेक्षा फार चांगले आहेत हो."

मी अर्थातच ते मान्य केलं नाही. आम्ही जिलबी येईपर्यंत वाद घातला.